ताईचा अर्ज आणि मी, तिचा कीबोर्ड

मित्रांनो, ज्याच्यावर बोटं आपटून तुम्ही सगळ्या जगाला शहाणपण शिकवता, त्या जमातीतला मी एक म्हातारा कीबोर्ड. माझ्यावरची चार-पाच अक्षरं पार पुसून गेली आहेत. पोटात बिस्किटांचा चुरा आहे. माझा स्वभाव थोडा कडवट झाला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. गोड गोष्ट ऐकायची असेल तर शेजारच्या माऊसला विचारा. त्याचं आयुष्य मजेत गेलं.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक पट्ट्यावर झाला. एका बाईने माझी बटणं बसवली, एका यंत्राने ती सगळी एकदा दाबून पाहिली आणि माझ्या पाठीवर ‘पास’ असं चिकटवलं. माझी मुलाखत म्हणाल तर तेवढीच. कुणी काही विचारलं नाही आणि मी पास झालो. नोकरी मिळवणं इतकं सोपं असतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

मला घरी आणलं ते धाकट्याने. धाकटा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. आईवडील गेल्यावर ही दोघं भावंडंच त्या दोन खोल्यांत राहत होती. धाकटा दारोदार फिरून पाणी गाळायची यंत्रं विकतो. माणूस मनाने चांगला, पण बूड एका जागी टेकणार नाही. “वीस दारं वाजवली की एक उघडतं,” हे त्याचं धंद्यातलं तत्त्व. पहिले काही दिवस त्याने मला रोज फडक्याने पुसलं. “काय मऊ बटणं आहेत,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. मग त्याने मोठा फोन घेतला आणि माझ्यावर धूळ बसू लागली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते काही उगाच नाही.

मला माणसात ठेवलं ते ताईने. ती एका रंगाच्या कारखान्यात रंग जुळवायची. गिऱ्हाईक पत्र्याचा एक तुकडा आणून टाकायचं आणि म्हणायचं, असाच रंग पाहिजे. मग ताई थेंबाथेंबाने काळा, पिवळा, लाल घालत बसायची. पत्र्याच्या पट्टीवर ओढून बघायची, ती वाळली की पुन्हा बघायची, कारण ओला रंग एक बोलतो आणि वाळलेला दुसरंच. काळ्याचा एक थेंब जास्त पडला की अख्खं पिंप वाया. संध्याकाळी घरी आली की दिवसभरातली मिश्रणं ती दोन बोटांनी माझ्यावर टिपून ठेवायची. तिच्या नखांच्या कडेला नेहमी कुठलातरी रंग असायचा. तिची बोटं हळू चालायची, पण चुकायची नाहीत. मला तिचा लळा लागला होता, यात लपवायचं काय?

एक दिवस तो कारखाना दूरच्या शहरात हलला. माणसं इथेच राहिली. ताईची पन्नाशी जवळ आलेली. रंगाची खोली असलेला दुसरा एकच कारखाना आसपास होता, नदीपलीकडचा. ताई म्हणाली, “मी जाईन तर रंगाच्या खोलीतच जाईन. मला दुसरं येत नाही आणि दुसरं आवडतही नाही.”

“अगं ताई, असं अडून बसून चालत नाही,” धाकटा म्हणाला. “झटपट अर्जाचं बटण असतं. एकदा माहिती भरून ठेवली की दाबत सुटायचं.”

“दाबत सुटायचं आणि मग?”

“मग कुणीतरी बोलावतं. दारं वाजवल्याशिवाय उघडतात होय?”

“मी काही यंत्रं विकत नाहीये,” ताई म्हणाली आणि विषय तिथेच मिटला. निदान मला तसं वाटलं.

मग एके दिवशी नदीपलीकडच्या कारखान्याची जाहिरात आली. रंगाच्या खोलीत एक जागा. ताईने ती तीनदा वाचली. त्या कारखान्याच्या अर्जात लांबलचक प्रश्न होते. तुमचा अनुभव सविस्तर लिहा. कामातला एखादा कठीण प्रसंग सांगा. तुम्ही काय केलं आणि का केलं? बहुतेक लोक असले प्रश्न बघूनच पळ काढतात. ताई मात्र खुर्ची ओढून बसली. रोज दुपारी माझ्यावर लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. एका वाक्यासाठी चहा गार व्हायचा. मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस. तो टिचकीबाज माऊस कोपऱ्यात गप्प पडून होता आणि मला त्याचा आनंद होत होता.

अर्जाला अनुभवाचा दाखला जोडायचा होता. जुने साहेब गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. ताई सकाळीच त्यांची सही आणायला गेली. त्या दिवशी धाकट्याची सुट्टी होती. बहिणीची काळजी त्याला खरंच होती. काळजी नसती तर परवडलं असतं, असं मी आज म्हणतो. त्याने संगणक उघडला. कधीकाळी ताईने त्याला हिशेबात थोडी मदत केली होती, तेवढ्यावरच त्याने तिच्या नावाने नोकऱ्यांच्या साइटवर माहिती भरून ठेवली होती. अनुभव काय, तर ‘विक्री मदतनीस.’ बस्स, एवढंच. ती माहिती त्याने वाचलीदेखील नाही. पुढे, पुढे, पाठवा. पुढे, पुढे, पाठवा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! माऊसची नुसती टकटक चालली होती आणि माझ्या एकाही बटणाला बोट लागलं नाही. त्या साइटवर नदीपलीकडचा कारखानाही होता. तिथेही त्याने टिचकी मारली आणि शीळ घालत चहा टाकायला उठला.

ताई दुपारी परत आली. उन्हाने चेहरा लाल झालेला, पण खुशीत. दाखला जोडला, सगळी उत्तरं शेवटची वाचली आणि माझं एंटर दाबलं. पडद्यावर एक ओळ आली. ‘आपण या जागेसाठी आधीच अर्ज केलेला आहे.’

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ. मग ती दाबतच राहिली. इतक्या जोरात तिने मला कधीच मारलं नव्हतं.

“अरे, तू काही केलंस का?” तिने विचारलं.

“टाकले की अर्ज पन्नासेक ठिकाणी,” धाकटा अभिमानाने म्हणाला. “तुला सांगणारच होतो.”

ताईने तडक कारखान्यात फोन लावला.

“मॅडम, एका जागेला एका माणसाचा एकच अर्ज,” पलीकडची मुलगी म्हणाली. “सिस्टीमच दुसरा घेत नाही.”

“पण तो मी केलेला नाही. भावाने केला. त्यात सगळं चुकीचं आहे.”

“नाव तुमचंच आहे ना?”

“हो.”

“मग मी काय करू, सांगा.”

ती मुलगी वाईट नव्हती. तिच्याही हातात काही नव्हतं. ताईने मग माझ्यावर एक ईमेल लिहिली, सगळं समजावून सांगितलं. त्या ईमेलला उत्तर आलं नाही. चार दिवसांनी दुसरंच एक उत्तर आलं, त्या झटपट अर्जाला. ‘या जागेसाठी लागणारा अनुभव आपल्याकडे नाही.’ मित्रांनो, रंगांत उभा जन्म घालवलेल्या बाईला हे वाचावं लागलं, आणि ते माझ्यासमोर.

धाकट्याच्या पन्नास टिचक्यांपैकी एका ठिकाणाहून बोलावणं आलं, हेही सांगतो. नाहीतर मला पक्षपाती म्हणाल. ताई तिथे जाऊन आली तेव्हा धाकट्याने विचारलं, “काय काय विचारलं गं?”

“आमच्याकडेच का यावंसं वाटलं, असं विचारलं,” ताई म्हणाली. “मला ते काय विकतात तेच माहीत नव्हतं. भिंतीवर गादीचं चित्र होतं, म्हणून म्हटलं, गाद्या चांगल्या आहेत तुमच्या.”

“मग?”

“मग घेतलं. त्यांना कुणीही चालणार होतं.”

आता ती दिवसभर कानाला फोन लावून लोकांच्या गाद्यांच्या तक्रारी ऐकते. नखांच्या कडा स्वच्छ असतात. संध्याकाळी माझ्याकडे बघतही नाही.

परवा धाकट्याने संगणक विकायचं ठरवलं. आतलं काय ठेवायचं ते बघताना त्याला ताईचा तो अर्ज सापडला. उभ्याउभ्या वाचू लागला आणि मग खाली बसला. त्यात एका जुन्या बसच्या दाराची हकीकत होती. अपघातात दार गेलं, नवं बसवलं, त्याला रंग हवा होता. डब्यावरच्या क्रमांकाप्रमाणे तयार रंग दिला असता तर दार नवं आणि बस जुनी दिसली असती. ताईने नवा रंग दिलाच नाही. इतकी वर्षं ऊन खाल्लेल्या पत्र्याचा विटका रंग तिने बनवला. साहेब खोळंबले, चिडले. भर उन्हात आवारात तिने पट्टी बसला लावून दाखवली, तेव्हा पट्टी कुठे आहे ते कुणाला सांगता येईना.

“ताई, तू हे काम करायचीस?” धाकटा म्हणाला. “मला वाटायचं, रंगाचे डबे भरत असशील.”

“तू कधी विचारलंस?”

त्याने अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाला, “हे कुठेतरी पाठवू या ना. किती छान लिहिलंयस.”

“कुठे पाठवणार? रंगाची खोली एकच होती,” ताई म्हणाली आणि उद्यासाठी जेवणाचा डबा धुवायला निघून गेली.

माझी उद्या विक्री आहे. मला पुसा, जपा, असं मागायची आता इच्छा राहिली नाही. मागणं एवढंच आहे. तुमच्याही घरात कुणी रोज कामावर जात असेल. मित्रांनो, त्या माणसाला एकदा विचारा, तू दिवसभर नेमकं काय करतोस? उत्तर लांब असेल. ते पुरं होईपर्यंत जागचे हलू नका.