उकळलेली फरशी

अकरा वाजता प्रयोगशाळेचं दार ढकललं, तर वादळ माझ्या आधी येऊन बसलेली. हीच मुळात धोक्याची खूण होती. वादळ म्हणजे प्रयोगातली माझी जोडीदार, वीस वर्षांची. तिच्या कोपराच्या टप्प्यात आलेली काचेची वस्तू सहसा संध्याकाळ बघत नाही, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. ती त्याला ओ पण देते.

"ताई, आधीच सांगते, घाबरू नकोस."

मी पिशवी टेबलावर टाकली. "किती पिल्लं गेली?"

"एकही नाही. एकोणीसच्या एकोणीस आहेत. पण बसलं एकही नाही."

आणि चार वाजता मॅडम प्रकल्प तपासायला येणार होत्या.

समुद्रकाठच्या खडकांवर पांढरे, धारदार, टेंगळांसारखे प्राणी चिकटलेले असतात, अनवाणी गेलं तर पाय कापतात, ते बार्नेकल. दिसायला शिंपल्यांचे भाऊबंद, पण नात्याने खेकड्यांचे. लहानपणी ते पाण्यात मोकाट पोहतात. मोठं व्हायची वेळ आली की जागा शोधतात, पसंत पडली तर डोकं खाली टेकवून स्वतःला चिकटवून घेतात आणि जन्मभर तिथून हलत नाहीत. अंड्यातून निघालेली पिल्लं वाढवायची आणि त्यातलं एक तरी चिकटलेलं दाखवायचं, हा आमचा प्रकल्प. एक तरी. पन्नास गुण त्या एकावर. नाही दाखवलं तर विषय पुढच्या वर्षी पुन्हा. माझं एक वर्ष बाळंतपणात गेलेलंच होतं. घरात आणखी एक वर्ष मागायला मला तोंड नव्हतं.

सुरुवातीला पिल्लं तीनशे होती. तीनशेची एकोणीस झाली ती माझ्या मायेने. चार दिवसांपूर्वी सगळ्यांनी एकदम खाणं सोडलं. मी घाबरले आणि तीनपैकी दोन बश्यांत शेवाळाचं हिरवं पाणी दुप्पट ओतलं. सकाळी दोन्ही बश्या ताकासारख्या पांढऱ्या आणि आतलं सगळं संपलेलं.

"अगं, या अवस्थेत ती खातच नाहीत," मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या होत्या. "अंगातल्या तेलावर जगतात. त्यांना आता जेवण नको, जागा हवी."

हे त्यांनी ज्या तासाला शिकवलं, त्या तासाला मी लेकीला लस टोचायला घेऊन गेले होते. वादळच्या वहीत ते वाक्य होतं, खाली दोन रेघा मारून. तिने वही तेवढी उघडली नव्हती.

म्हणून या खेपेला मी काही म्हणजे काही चुकू देणार नव्हते. पिल्लांना बसायला द्यायची काळ्या दगडाची चौकोनी फरशी ब्रशने घासली आणि लेकीच्या बाटल्या उकळते तशी उकळली. दहा मिनिटं, घड्याळ लावून. आरशासारखी लख्ख झाली होती. काल दुपारी ती बशीत ठेवली.

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. पिल्लू म्हणजे केवढं, तर टाचणीच्या डोक्याहून लहान. पण एकदा का ते भिंगाखाली आलं की मी दिवसाचे तास विसरते. काचेसारखं अंग, आत तेलाचे पिवळे थेंब, बाजूला काळा ठिपका, तो डोळा. आणि ते चालतं! दोन मिशा पुढे काढून, एक टेकव, दुसरी टेकव, अशी पावलं टाकतं, थांबतं, अंदाज घेतं, पुन्हा चालतं. भाड्याचं घर बघायला आलेली माणसं नळ सोडून बघतात ना, अगदी तसं.

फरशीवर एक चढलं. चार पावलं चाललं आणि सुळकन पोहत निघून गेलं. दुसरं चढलं, तेही गेलं.

"नाक मुरडतायत," वादळ म्हणाली.

फोन वाजला. सासूबाई. नऊ महिन्यांची आमची ठमाबाई आज त्यांच्याकडे होती.

"हे बघ, तोंडच उघडत नाही ही. गाजराचा लगदा दिला, थुंकला. बाटली दिली, फेकली."

"आई, ताप आहे का? कपाळ बघा ना. कानाला हात लावते का?"

"अगं, ताप नाही नि काही नाही. खिदळतेय. नुसती रांगतेय घरभर. तू तुझं बघ."

"मी येऊ का?"

"येऊन काय करणार? तुझ्या हातून खाते होय? काल तुझ्याच अंगावर थुंकली ना?"

फोन ठेवला, पण जीव थाऱ्यावर नव्हता. निघावं की काय, असं वाटायला लागलं. पिशवीकडे हात गेला आणि तेवढ्यात बशीत तिरका पडलेला चिमटा दिसला.

"वादळ! हा चिमटा कुठला?"

"तो होय... सकाळी एक पिल्लू कडेला अडकलं होतं, ते सोडवलं."

"धुतला होतास?"

तिने हात ओढणीला पुसले.

"त्याआधी कशाला वापरला होतास?"

"पलीकडच्या टाकीत दगडावर मोठी बार्नेकल आहेत ना, ती साफ करायला," ती पुटपुटली. "काल."

माझ्या तोंडून काय काय निघालं असतं देव जाणे. पण चिमटा काढायच्या आधी पिल्लं कुठे आहेत ते बघावं, नाहीतर एखादं चिरडायचं, म्हणून पुन्हा डोळा लावला आणि तशीच राहिले.

चिमट्याच्या टोकाभोवती पिल्लं होती. एक, दोन... सात! माझ्या लख्ख फरशीवर कुणी नव्हतं, आणि या मळक्या चिमट्यावर सात जणं टाकटाक पावलं टाकत होती. एक तर जागेवरच गोल फिरत होतं, गादीवर बसण्याआधी मांजर फिरतं तसं.

"वादळ, वही! तुझी वही उघड! जागा कशी निवडतात?"

पानं फडफडली. "'आधी आपल्या जातीचं कुणी इथे राहून गेलंय का, याचा माग काढतात. बुळबुळीत थर...' ताई! आणि तू ती फरशी उकळलीस!"

"उकळली," मी म्हटलं. हसावं की रडावं कळेना. त्यांच्या वाडवडिलांची खूण शोधत ती बिचारी फिरत होती आणि मी सगळ्या खुणा घासून पुसून टाकल्या होत्या.

"टाकीतला दगडच टाकू आत?"

"वेडी आहेस का? त्याच्यावरचे मोठे जिवंत आहेत. कवचातून पाय बाहेर काढून मटकावतील एकोणीस जणांना."

मग मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. धुतलेली वस्तू मळवली. फरशी काढली, टाकीतल्या दगडाच्या कडेला जिथे हिरवट चिकट थर होता तिथे घासली, उलटून घासली. मोठ्या बार्नेकलच्या कवचांवरून फिरवली. बोटांना कुजकट वास यायला लागला तेव्हा कुठे समाधान झालं. फरशी बशीत ठेवली, चिमटा हळूच बाहेर घेतला. साडेबारा.

एक वाजता फरशीवर चार. दीड वाजता नऊ. आम्ही पाळीपाळीने बघत होतो. जिची पाळी नसे ती "काय झालं, काय झालं" करत दुसरीच्या मानेवर श्वास टाकत होती. तीनला एक पिल्लू फरशीच्या कोपऱ्यातल्या खाचेपाशी थांबलं. डोकं खाली, मागचा भाग वर. हलेना.

"बसलं!"

"नाही, विचार करतंय. श्वास घेऊ नकोस जोरात."

वीस मिनिटं ते हललं नाही. मी मात्र चार वेळा उठून बसले.

मॅडम बरोबर चारला आल्या. डोळा लावला, हूं म्हणाल्या आणि ड्रॉपर उचलला. हे होणार ते मला माहीत होतं. चिकटलेलं आणि नुसतं टेकलेलं यात दिसायला फरक नसतो, म्हणून पाण्याची चिळकांडी मारून बघायचं. तीनदा. सुटलं तर संपलं.

"तूच मार," मॅडम म्हणाल्या. "तुझं आहे."

"मी?"

"मग काय मी?"

वाढवलेल्या जिवावर आपल्या हाताने पाणी मारायचं! मी ड्रॉपर दाबला. बशीतलं पाणी ढवळलं, बाकीची पिल्लं भिरभिरत उडाली. खाचेतलं जागेवर. दुसऱ्यांदा जरा जोरात. अंग थरथरलं, पकड सुटली नाही. तिसऱ्यांदा माझा हात आखडला.

"लाड नकोत," मॅडम म्हणाल्या. "समुद्र लाड करत नाही."

मी जोरात दाबला. पाणी बशीबाहेर उडालं. बघायचं धाडस होईना.

वादळने डोळा लावला. भिंगाचं चाक फिरवलं. मग किंचाळली, "आहे! ताई, तिथंच आहे!" आणि उडी मारली. टेबल हादरलं, मोजपात्र घरंगळलं, मी ते हवेत झेललं. खाचेतलं पिल्लू तेवढ्यानेही हललं नाही. मॅडमनी कागदावर सही केली आणि पहिल्यांदा हसल्या. "आता चौथी चाचणीसुद्धा झाली."

मी बाहेर धावले आणि फोन लावला.

"आई, चिकटलं! आई, पास झाले मी!"

"बाई गं! चला, सुटलीस!" सासूबाईंचा आवाजही चढला. मग जरा चाचरत म्हणाल्या, "ऐक, रागावू नकोस. उकडलेलं गाजर जमिनीवर पडलं होतं, ते हिने उचललं आणि खाल्लं. सगळं. मी काढून घेणार होते, पण..."

"धुतलं नव्हतं ना?"

"नाही गं."

"नका धुऊ," मी म्हटलं. "आणखी एक टाका खाली."