एकशे एक्कावन्नावा

सयाजीच्या तोंडाला पोरं भ्यायची, पण त्याच्या गेम पार्लरची पायरी काही सोडायची नाहीत. शिवी हासडून बाहेर काढली तरी दहा मिनिटांत परत दारात हजर. कारण शिवाजी पेठेतच काय, अख्ख्या कोल्हापुरात अशी गंमत दुसरीकडं नव्हती. चार टीव्ही, चार मशीन आणि बटणं झिजलेले रिमोट तर कुठल्याही गेम पार्लरात मिळतात. पण दुसरीकडं फुटबॉलची डिस्क टाकली की परदेशातले गोरे खेळाडू धावायचे. सयाजीकडं कोल्हापूरच्या तालमींचे फुटबॉल संघ धावायचे, अगदी जर्सीच्या रंगासकट!

दर वर्षी दिवाळी सरली, तालमींच्या खेळाडूंची नोंदणी झाली, की सयाजी दोन दिवस शटर खाली ओढून बसायचा. कोण कुठल्या तालमीतून कुठं गेला, कोण थांबला, कोण नवा आला, सगळं विचारून घ्यायचा आणि एकेकाला मशीनमध्ये घालायचा. नाव, नंबर, उंची, केसांचा भांग, डावा पाय की उजवा. ज्याचं नाव सयाजीच्या मशीनमध्ये आलं तो खेळाडू, बाकीचे नुसते बॉल आणून द्यायला, असा पोरांचा कायदाच होता. मोठी माणसं वरवर हसायची आणि हळूच येऊन आपलं पोरगं आलंय का बघून जायची.

पण मशीनच्या पोटाला माप होतं. आपण घातलेले खेळाडू त्यात दीडशेच मावायचे, आणि भांडणं नकोत म्हणून चारी मशीनवर यादी एकच. पहिल्या डिस्कवर शंभर मावायचे, पुढच्या वर्षी सव्वाशे झाले, मग दीडशे. दर वर्षी पुण्याचा डिस्कवाला नवी डिस्क पाठवायचा, त्यामुळं सयाजीला वाटायचं, हे असं वाढतच जाणार. दहा तालमी आणि प्रत्येकीची पंधरा पोरं, असा हिशेब बसला होता.

त्या दीडशेत एक जण मेलेला होता.

बुद्धभूषण त्याचं नाव. उचगावचा. पेठेच्या तालमीकडनं दहा नंबर घालून खेळायचा. पाय कसला, जादू होती! २००६ च्या उन्हाळ्यात उचगावच्या फाट्यावर ट्रकनं उडवलं त्याला. बावीस वर्षांचं पोरगं, हां हां म्हणता गेलं. पुढच्या दिवाळीला सयाजी मशीनपुढं बसला आणि भूषणच्या नावावर येऊन थांबला. बाकीच्या खेळाडूंचे चेहरे सयाजीनं बसवले होते, पण भूषणनं स्वतःचा चेहरा स्वतः केला होता. घरनं आरसा आणला होता पठ्ठ्यानं. एकदा आरशात बघायचा, एकदा टीव्हीकडं, आणि नाक जरा रुंद करायचा. तीन दिवस लागले होते. असला चेहरा परत कोण करणार? सयाजीनं त्याला तसाच ठेवला.

आणि मग त्याची आई, आक्काताई, यायला लागली. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात ती कामाला होती. सोमवारी सुट्टी. दर सोमवारी दुपारी तीनला ती उचगावहून यायची, चप्पल बाहेर काढायची आणि स्टुलावर बसायची. पोराचा फोटो घरी एकच, ओळखपत्राचा. खेळतानाचा तर एकही नाही.

"धावतोय बघ कसा," ती म्हणायची. "लहानपणापासनं असाच धावायचा."

सयाजीला ठाऊक होतं, मशीनमधले सगळे सारखेच धावतात. पण कशाला बोलायचं? ज्याच्या तोंडाला म्हणून कधी लगाम नव्हता, तो सयाजी सोमवारी तीन ते चार गप बसून भूषणला बॉल द्यायचा.

२००८ च्या दिवाळीनंतर आक्काताई आली ती पेढे घेऊन. तिच्या धाकट्याचं, आर्यनचं, त्याच तालमीत नाव लागलं होतं. सतरा वर्षांचा होता तो.

"सयाजी, बाबा, एक काम कर," ती म्हणाली. "आर्यनला मशीनमध्ये घाल. भूषणच्या शेजारी. दोघं भाऊ एकत्र खेळलेलं मी कधी बघितलंच न्हाय. भूषण गेला तवा ह्यो बारका हुता. आता हितंच तेवढं जमंल बघ."

"घालतो की आक्का! त्यात काय एवढं!" सयाजी छाती ठोकून बोलला.

बोलून बसला खरा, पण जागा कुठं होती? मशीननं पाटी दाखवली की यादी भरली आहे. सयाजीनं आपलं डोकं चालवलं. मेमरी कार्ड भरलं असणार, मोठं आणलं की झालं! आठपट मोठं कार्ड मागवलं, खोचलं, आणि नवा खेळाडू करायला गेला. तीच पाटी परत आली. त्यानं कार्ड काढून फुंकलं, पदराला पुसावं तसं शर्टाला पुसलं, पुन्हा खोचलं. मशीन काही ऐकेना.

शेवटी पुण्याच्या डिस्कवाल्याला फोन लावला. तो फोनवर हसायलाच लागला.

"अहो सयाजीराव, कार्ड म्हणजे कपाट. कपाट कितीही मोठं घ्या. मॅच चालू असताना सगळं मशीनच्या डोक्यात राहावं लागतं आणि ते डोकं आहे एवढंसं. दीडशेच्या वर नाही जायचं ते."

"मग पुढच्या डिस्कवर वाढवतील की!"

"पुढची डिस्कच नाही. जुन्या मशीनसाठी बंद केलं त्यांनी. नवीन गेम आता ह्या मेमरीत मावतच नाहीत. नवं मशीन घ्या."

"आणि माझी पोरं? ती जातील का नव्या मशीनमध्ये?"

"ती नाही जायची. इथलं तिथं चालत नाही."

सयाजीनं फोन ठेवला. भांडायचं तरी कुणाशी? ज्यांनी बंद केलं ती माणसं कुठल्या मुलखात बसलेली, त्यांना सयाजी माहीत नाही आणि पेठ माहीत नाही. त्याला आयुष्यात पहिल्यांदा शिवी सुचेना.

आता राहिला एकच मार्ग. कुणाला तरी काढायचं. सयाजी तालमी-तालमींतून फिरला. "तुमच्या पंधरातलं एक पोरगं द्या," म्हणून नाकदुऱ्या काढल्या. कोण देतंय! मैदानावर एक वेळ हरतील, पण सयाजीच्या मशीनमधलं नाव सोडणार नाहीत. एका तालमीच्या अध्यक्षानं तर चहा पाजला आणि वर म्हणाला, "सयाजी, तुझ्या टीममध्ये एक मेलेला हाय न्हवं? त्याला काढ की. जित्या माणसांनी का म्हणून जागा द्यायची?"

बोलला त्यात खोटं काय होतं? म्हणूनच सयाजीला ते फार लागलं.

शेवटी त्यानं आपल्याच तालमीतला एक हेरला, केरबा. गूळ मार्केटात नोकरीला असलेला, सव्वीस वर्षांचा राखीव गोलकीपर. चार वर्षं नोंदणी होती आणि चार वर्षांत एकही मॅच खेळला नव्हता. पार्लरात तर वर्षभर फिरकला नव्हता. त्याला कुठं कळतंय! सयाजीनं केरबाला पुसलं आणि त्याच्या जागी आर्यनला घातलं, पंधरा नंबर देऊन.

पुढच्या सोमवारी आक्काताईनं दोघांना बघितलं. भूषणनं बॉल दिला, आर्यननं गोल मारला. मशीनमधले दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले. आक्काताई हसली, मग रडली, मग पदर तोंडाला लावून पुन्हा हसली. सयाजीला वाटलं, जिंकलं! पण हे सुख एकाच सोमवारचं निघालं.

रविवारी पार्लर गच्च भरलेलं. आर्यनही आलेला, पोरांच्यात उभा होता. तेवढ्यात दारात केरबा, इस्त्रीचा शर्ट घालून. मागं फेटा बांधलेलं एक पावणं आणि एक शाळकरी पोरगं. पावणं जोतिबावरचं, डोंगरावर गुलाल-खोबऱ्याचं दुकान होतं त्यांचं. केरबाचं लग्न जुळत आलं होतं.

"या पावणं, बसा," केरबा म्हणाला आणि सयाजीला कोपऱ्यात ओढून कानाशी लागला. "सयादा, इज्जत राख. पावण्यांस्नी सांगितलंय मी तालमीचा कीपर हाय म्हणून. मैदानावर कवा उतरलोय मी? पेपरात बी नाव न्हाय. हितं तेवढं हाय. दाखव जरा."

सयाजीनं हातातला रिमोट पाठीमागं लपवला.

"केरबा, आज मशीन बिघडलंय."

"चारी?" केरबानं चालू टीव्हींकडं बघितलं. मग सयाजीच्या तोंडाकडं बघितलं, आणि सगळं समजला. "काढलंस मला?" त्याचा आवाज एवढासा झाला. "सयादा, माझं दुसरं कुठंच न्हाय रं."

"हं, दाखवा की आमच्या जावयाचा खेळ!" पावणं स्टुलावर बसत मोठ्यानं म्हणाले.

आता बोला! सयाजीनं मशीनवर यादी काढली. दहा नंबर, भूषण. पंधरा नंबर, आर्यन. दुसऱ्या कुणाला हात लावावा तर सगळ्या तालमींची पोरं तिथंच डोळे लावून बसलेली. दोघांतला एक जायला हवा होता, आणि पावणं घसा खाकरत होते. आर्यनचा चेहरा उद्या परत करता येईल, भूषणचा कधीच करता येणार नाही. एवढाच विचार केला त्यानं, आणि आर्यनवर आणून बटण दाबलं.

पावण्यांना चहा सांगितला आणि तो संपेपर्यंत केरबाचा चेहरा परत बसवला. केरबा गोलमध्ये उभा राहिला. पावण्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "हुबेहूब की!" म्हणाले. शाळकरी पोरगं टाळ्या वाजवायला लागलं. दर रविवारी दोस्तांना घेऊन येतो म्हणालं, दाजींचा खेळ बघायला.

ते गेल्यावर सयाजी आर्यनला शोधायला बाहेर आला. पोरगं पायरीवर बसलं होतं.

"आर्यन, आरं परत घालतो तुला. काहीतरी करतो."

"नको, सयादा."

"आरं पण..."

"तू बरोबर केलंस. आमच्या घरात बी असंच हाय." आर्यन उठला, पँट झटकली. "दादाच्या ताटाला कोण हात लावत न्हाय, त्याच्या खाटंवर मी झोपलो की आई उठवती. त्यो गेलाय, आन जागा मला न्हाय. तुझ्या मशीनचं काय घेऊन बसलास!"



सोमवारी आर्यनची पहिली मॅच होती, चार वाजता. आक्काताई तीनला पार्लरात आली. सयाजीनं टीव्ही लावलाच नव्हता.

"आक्का, आज हितं नका बसू. स्टेडियमवर जावा. आर्यन उतरणार हाय. हितनं धा मिनटांची वाट."

"जायचं हाय की," ती चप्पल काढत म्हणाली. "आधी दोघांस्नी बघते, मग जाते."

"आक्का, आर्यन मावला न्हाय. काढावं लागलं त्याला." सयाजीनं मान खाली घातली. ती रडेल, बोलेल, त्याच्या बापाचा उद्धार करील, सगळ्याला तो तयार होता.

आक्काताई स्टुलाला धरून उभी राहिली. "आणि भूषण?"

"भूषण हाय."

"हाय न्हवं?" तिचा जीव भांड्यात पडला. ती बसली. "मग लाव."

सयाजीनं लावला. दुसरं काय करणार? चार वाजले. स्टेडियमकडून पहिला ओरडा आला.

"आक्का, उठा की आता."

"एवढा एक गोल हूं दे."

भूषणनं गोल मारला. ती उठली नाही. सयाजीनं परत बॉल दिला, परत गोल झाला. पाच वाजून गेले. मग गल्लीत एकच दंगा उठला, हलगी वाजायला लागली. पोरं कुणाला तरी खांद्यावर घेऊन नाचत आली आणि पार्लरच्या दारात थांबली. खांद्यावरनं आर्यन उतरला. गुडघे फुटलेले, तोंडभर गुलाल.

"आई," तो दारातनंच धापा टाकत म्हणाला, "मी मारला गं. शेवटच्या मिनटाला."

आक्काताईनं टीव्हीवरची नजर काढली नाही. मागं हात करून त्याला थांबवलं.

"थांब रं जरा. बॉल भूषणकडं हाय."

हलगी थांबली. सयाजीनं मागं वळून बघितलं नाही, बघायची त्याची छातीच झाली नाही. तो खेळत राहिला.