मोहाखाली न घेतलेले नाव

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. इतका जुना, की मला कुणी कधी लिहून ठेवलेच नाही. भाषापंडितांनी माझ्या लेकरांचे चेहरे ताडून पाहून माझा चेहरा बनवला आणि माझ्यापुढे एक चांदणी (*) काढली. तुम्हाला वाटेल, मान दिला. नाही हो! ती संशयाची खूण आहे: हा शब्द कुठे लिहिलेला सापडला नाही, नुसता अंदाज आहे.

संस्कृतात माझा ऋक्ष झाला, ग्रीकांकडे आर्क्टोस, रोमकरांकडे उर्सुस, हिंदीत रीछ. तुमच्या 'अस्वल' या शब्दाच्या सुरुवातीलाही मीच दडलो आहे, असे जाणकार म्हणतात. उत्तरेकडच्या थंड मुलखात मात्र माझा वंश बुडाला. नाव घेतले की जनावर येते, या धाकाने म्हणे तिथल्या लोकांनी मला टाकले.

गोंदिया जिल्ह्यात नवेगावच्या जंगलाकाठी तोच धाक मला पुन्हा भेटला. पहाटे मोहफुले वेचताना तिथल्या बाया मला तोंडी आणत नाहीत. त्यांच्यातल्या चंद्रावतीनेही वीस वर्षे हा नेम पाळला होता.

यंदा तिची धाकटी जाऊ नीतू पहिल्यांदाच आली होती. ती खाली बसून वेचत होती आणि तिच्या मागच्या झुडपातून अस्वल निघाले. चंद्रावतीने ओठ मिटून नुसते हात हलवले.

"काऊन हात हलवून राहिल्या वो बाई? माशा लागल्या का?" नीतू हसली.

अस्वल चार पावलांवर आले. मी चंद्रावतीच्या जिभेवर थरथरत होतो. गिळते की काय मला?

"अस्वल! ऊठ वो पोरी, अस्वल!"

नीतू टोपली टाकून तिच्याकडे धावली. अस्वल फुलांतच रमले.

गावाजवळ आल्यावर थोरली जाऊ प्रेमिला म्हणाली, "कायले घेतलं नाव? म्हणून आलं ते."

"आल्यावर घेतलं ना, बाई."

"आधी नाव आलं का जनावर, कोणं पाह्यलं?"

दुसऱ्या पहाटे चंद्रावतीच्या झाडाखाली कुणी बसेना. प्रेमिलाने तर आपली टोपली उचलून पार ओढ्याकडे नेली. नीतूने मात्र चंद्रावतीच्या पाठीला पाठ लावून बसकण मारली. "तुमी तिकडं पाहा, मी इकडं पाह्यतो," म्हणाली.

मित्रांनो, माझ्यावर संशय खुशाल घ्या. मी तो हजारो वर्षे सोसतो आहे. मला उगाच चघळूही नका. पण कुणाच्या पाठीमागे संकट उभे दिसले, तर मला दातांआड कोंडून ठेवू नका.