तेलाच्या हातांनी माझं बटण दाबलं नाही

मी एक ईमेल बोलतोय, तोही खोटा. तोंड वाकडं करू नका, निदान आज तरी खरं सांगतोय.

कुठल्याशा बंद खोलीत कुणीतरी मला टाइप केलं, कपाळावर पेमेंट कंपनीचा शिक्का डकवला आणि हजारो भावंडांसोबत सोडून दिलं. पाठवणाऱ्याचा पत्ता बघाल तर भलताच, पण तो बघतो कोण? पोटात माझ्या एक निळं बटण. ते दाबलं की हुबेहूब कंपनीसारखं पान उघडतं. त्यात पासवर्ड आणि पिन भरला की खातं साफ.

आमचं सगळं बळ घाईत असतं. माणूस एकटा हवा आणि घाबरलेला हवा. सुरतच्या पर्वत पाटिया भागातला टेम्पोवाला भगवान असाच एकटा जेवत बसला होता, तेव्हा माझ्या भावानं त्याला गाठलं. महिन्याची कमाई गेली बिचाऱ्याची. भाऊ अजून मिशीला पीळ देत फिरतो.

मी पोचलो त्याच सुरतेतल्या पांडेसऱ्यात, रंजनाच्या फोनमध्ये. रंजना मूळची अमळनेरकडची. नवरा कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये, आणि ही ऑर्डरचे पापड करून विकते. तिच्या खात्यात गल्लीतल्या बायकांचे मिळून साठवलेले पैसे होते. त्यातून पिठाची गिरणी घ्यायची होती. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

फोन वाजला तेव्हा रंजना, पुष्पाबाई आणि उषाबाई सतरंजीवर उडदाचे पापड लाटत होत्या. एकीच्या घरी पापड असले की बाकीच्या लाटणं घेऊन येतात, ही त्यांची गावाकडची रीत. सगळ्यांचे हात तेलानं माखलेले.

"आत्याबाई, वाचा बरं काय आलंय ते," रंजना सासूला म्हणाली.

प्रमिलाबाईंनी चष्मा लावला. "प्रि-य ग्रा-हक, तुम-चे खा-ते आज बं-द..." अहो, माझा मजकूर धावत वाचायचा असतो! 'त्वरित' म्हणायला बाईंनी दोनदा श्वास घेतला. माझा जीव नुसता कासावीस.

रंजनाचा मात्र चेहरा उतरला. "खातं बंद? मग आपली गिरणी?" ती पदराला हात पुसत उठू लागली. मी बटण पुढं करून तयारच होतो.

"बस खाले," पुष्पाबाई म्हणाली. "माले बी असाच उना व्हता. हाच मजकूर." तिच्याकडंही माझा एक भाऊ येऊन गेला होता.

"पि-न भ-रा," प्रमिलाबाईंचं चालूच होतं.

उषाबाईचं लाटणं थांबलं. "पिन कशाला? पैसे जाताना लागतो तो. आणि तुझं खातं ज्यांच्याकडं, त्यांना तुझं नाव ठाऊक नाही होय? ग्राहक म्हणे!"

रंजनानं साबणानं हात धुतले. माझ्या बटणाकडं ढुंकूनही न बघता नेहमीचं ॲप स्वतः उघडलं. खातं चालू होतं, पैसे जागेवर होते. मग तिनं माझा पत्ता नीट वाचला, हसली आणि फसवा म्हणून माझी तक्रार करून टाकली.

तेव्हापासून मी स्पॅममध्ये पडून आहे. शेजारी लॉटरीवाले, दिवसभर बडबड करतात. थोड्या दिवसांत मी आपोआप पुसला जाईन. जाता जाता सांगतो, भावंडांच्या पोटावर पाय आला तरी चालेल. ते तुमच्याकडं येतील आणि घाई करतील. तेव्हा तुमचे हात तेलाचे आहेत असं समजा, आणि आम्हाला कुणाकडून तरी सावकाश, मोठ्यानं वाचून घ्या.

परवा रंजनाकडं गिरणी आली. तिची घरघर इथं आतपर्यंत ऐकू येते. खोटं नाही सांगत, ती ऐकून मला बरं वाटतं.