हळदीला नेलेला कर्णा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. नीरेकाठच्या आमच्या गावात, ग्रामपंचायतीच्या गच्चीवर मला तारेने बांधले आहे. माझा रंग केव्हाच उडाला, कडेला एक पोचाही आहे. गावात मला सगळे भोंगाच म्हणतात. भवानीनगरच्या कारखान्याचा भोंगा थोरला, मी धाकटा.

बारामतीच्या दुकानातून जीपमध्ये बसून मी गावात आलो, तेव्हा माझा थाट काय वर्णावा! नारळ फुटला, कपाळाला कुंकू लागले. मग कामाला जुंपला गेलो. नळाला पाणी कधी सुटणार, कोणाचे रेडकू हरवले, सगळे माझ्याच तोंडून. पण माझे खरे मोल चैत्र-वैशाखात. ऊन मी मी म्हणू लागले आणि दुपारी ढगांची चळत वर आली, की पंचायतीत संगणकावर काम करणारी करुणा हवामानाचा अंदाज माझ्यातून वाचायची. "येत्या तीन तासांत विजांसह वादळी पाऊस. झाडाखाली थांबू नका. जनावरे घराकडे वळवा."

लोक हसायचे. "करुणाचा पाऊस बारामतीला पडतोय, हितं न्हाय," अशी पारावर थट्टा चालायची. चारदा सांगावे तेव्हा एकदा खरे व्हायचे, हेही खोटे नाही. एक बाई मात्र कधी हसली नाही. प्रयागबाई. ती एकटी राहायची, चार शेळ्यांवर तिचे पोट. माझा इशारा ऐकला की ती लगेच काठी उचलायची. "भोंग्याला इचारल्याबिगर मी रानात थांबत न्हाय," असे म्हणायची. मला त्याचा फार अभिमान होता.

गेल्या वैशाखात गावातल्या गेणबांच्या लेकाचे, रविराजचे लग्न ठरले. आमच्या गावाची रीत अशी, की पंचायतीच्या सतरंज्या, ताडपत्री आणि मी, ज्याच्या घरी कार्य असेल त्याच्याकडे जायचे. "गावाचा भोंगा गावच्या लग्नाला न्हाय, तर मग कशाला?" असे म्हणत गेणबांनी मला उतरवून नेले आणि वस्तीवरच्या शेवग्याला बांधले. खोटे कशाला बोलू, मीही खूश होतो. इशारे देऊन कंटाळलो होतो. गाणी म्हणायला कोणाला नको असते?

हळदीच्या दिवशी दुपारी चारला आभाळ काळेनिळे झाले. करुणा धापा टाकत मांडवात आली.

"आबा, मोबाइलवर मेसेज आलाय. वीज पडायचा धोका हाय. एक मिनिट माईक द्या."

गेणबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हळदीत असलं अभद्र बोलत्यात व्हय? उष्टी हळद नवरीकडं जाऊ दे, मग बोल काय बोलायचं ते."

"आबा, रानात मान्सं हायत."

"दहा मिंटानं काय बिघडतंय?"

गेणबा वाईट माणूस नव्हते. लेकाच्या कार्यात अशुभ शब्द नको, एवढेच त्यांच्या मनात होते. मोठ्या माणसाच्या हातातला माईक ओढून घेणे करुणाला जमले नाही. ती तशीच ओरडत बांधावरून धावली. पण मी गात होतो ना! तिची हाक माझ्याच आवाजात बुडून गेली.

तिकडे ओढ्याकाठी लिंबाच्या झाडाखाली प्रयागबाई शेळ्या घेऊन उभी होती. तिने आभाळाकडे पाहिले आणि माझ्या दिशेने कान दिला. गाणे चालूच होते, म्हणून ती तिथेच थांबली.

वीज त्याच लिंबावर पडली. तीन शेळ्या जागच्या जागी गेल्या. प्रयागबाई वाचली, पण तिचे दोन्ही कान गेले. दवाखान्यातून परत आल्यावर ती भेटेल त्याला मोठमोठ्याने एवढेच सांगायची, "भोंगा गात हुता. म्हनलं, समदं ठीक हाय."

मी शरमेने मेलो, मित्रांनो. गेणबा स्वतः शिडी चढून आले आणि त्यांनी मला जागेवर नव्या तारेने बांधले.  आपल्या गोठ्यातली एक शेळीही त्यांनी प्रयागबाईच्या दारात नेऊन बांधली. तिने ती ठेवून घेतली आणि गेणबांकडे पाठ करून तिला पाला घातला.

आता करुणा अंदाज वाचते तेव्हा पारावर कोणी हसत नाही. पण जिने मला नेहमी ऐकले, तिलाच ऐकू येत नाही. त्याला मी काय करू?

माझ्या पाठीवर पारव्यांची एक जोडी बसते. मी खरखरलो की ती भर्रकन उडते. प्रयागबाईने हे बरोबर हेरले आहे. आता ती गच्चीकडे तोंड करून शेळ्या चारते. पारवे उडाले की काठी उचलते. परवा ते मांजराला भिऊन उडाले आणि बिचारी लख्ख उन्हात शेळ्या घेऊन घरी आली. पोरे खो खो हसली. मला हसू आले नाही.

मित्रांनो, मला नवा रंग नको, हार नको. लग्नात वाजवायला भाड्याचे कर्णे पुष्कळ मिळतात. वळवाच्या दिवसांत मला माझ्या जागेवरून तेवढे हलवू नका. मी गप्प असलो तरी तिकडे रानात एक बाई माझ्याकडे बघत उभी असते.