बस कुठवर आली

येसूबाईच्या तोंडाला लागायची हिंमत बोईसरच्या बाजारात फौजदाराचीसुद्धा नव्हती. पाटीतल्या बोंबलांकडे बघून कोणी नाक मुरडलं की ती म्हणायची, "वास येतो? मग नाक घरी ठेवून ये आणि पोट घेऊन ये." गिऱ्हाईक हसायचं आणि चार बोंबील जास्तच घेऊन जायचं. नवरा नवशा तांडेल अगदी उलट. दर्यावर त्याच्या शब्दावर सगळी होडी चालायची, घरात मात्र तो मीठ मागायलासुद्धा दोनदा विचार करायचा. दोघांना एकच पोर, विजया. घिवलीच्या किनाऱ्यावरून पालघरच्या कॉलेजात जाणारी ती पहिली मुलगी. त्याचा तोरा येसूबाई नाकातल्या नथीसारखा मिरवायची.

तर ह्या विजयाच्या कॉलेजातले नरहरी सर एक दिवस घरी आले. मुलामुलींची सहल नेपाळला न्यायची होती, त्याची परवानगी मागायला.

"नेपाळ म्हणजे परदेश बरं का," सर कौतुकाने म्हणाले.

"पासपोर्ट लागतो?" येसूबाईने विचारलं. अणुकेंद्राच्या कामावर आलेल्या साहेबांच्या मडमांना कोळंबी विकून विकून हा शब्द तिला पाठ झाला होता.

"नाही, आपल्याला नाही लागत."

"मग कसला परदेश? त्यापरीस आमचं वाणगाव बरं. तिथं टीशी तिकीट तरी विचारतो."

सर हसले. हसता हसता नको ते बोलून गेले. रक्सौलपर्यंत रेल्वे, तिथून पुढे ठरवलेली बस, रस्ता असा की एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला नुसती दरी, खाली बघितलं तर नदी दोऱ्यासारखी दिसते. येसूबाईच्या हातातलं सुपारीचं खांड तसंच राहिलं.

कोपऱ्यात जाळं विणत बसलेला नवशा म्हणाला, "जाव दे गो तिला. मी जलमभर फिरलो, मला काय दिसलं? पानीच. तिला डोंगर बघू दे."

नवशा मागून मागून एवढंच मागत होता. येसूबाई नाही म्हणाली नाही. जाताना सरांनी काठमांडूच्या धर्मशाळेचा पत्ता कागदावर लिहून दिला. "काही अडलं तर तार करा. आम्ही सगळे दिवस तिथेच राहणार." येसूबाईने कागद कनवटीला खोचला.

बोईसर स्टेशनात विजया गाडीत चढली, खिडकीशी बसली, गाडी हलली. तेवढ्यात नवशाच्या बहिणीच्या, जमनाच्या लक्षात आलं की सुकटाच्या चटणीची बरणी आपल्याच हातात राहिली. तिने "विजेऽ" म्हणायला तोंड उघडलं, तर येसूबाईने झडप घालून तिच्या तोंडावर हात दाबला.

"मेले, हाक मारतेस? निघालेल्या मान्साला?"

दर्यावरच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. होडीचा नांगर उचलला की किनाऱ्यावरून हाक मारायची नाही. भाकरी राहिली तर राहिली, तंबाखू राहिली तर राहिली. हाक ऐकून माणूस मागे वळतो, मागे वळला की लाट त्याची पाठ धरते. गावातल्या पंढरीच्या आईने अशीच एकदा हाक मारली होती, डोक्याचा रुमाल विसरला म्हणून. रुमाल अजून तिच्याकडे आहे. जमनाने बरणी पदराखाली घेतली.

विजया गेली त्याच आठवड्यात नवशावर घाला पडला. डोलीचं पिशवीसारखं जाळं बांधायला दर्यात खुंट ठोकायचं काम चालू होतं. दोन होड्यांच्या मध्ये भलं मोठं लाकूड उभं धरलेलं, ऐनवेळी दोर तुटला आणि लाकूड नवशाच्या छातीवर बसलं. माणसांनी त्याला फळीवर घालून घरी आणलं. तारापूरहून डॉक्टर आले. त्यांनी छाती चाचपली, तोंडातलं रक्त बघितलं आणि नवशाच्या धाकट्या भावाला, भगवंताला, अंगणात नेलं. पण येसूबाई त्यांच्या मागे जाऊन उभी राहिलीच.

"आत फुटलंय," डॉक्टर म्हणाले. "मुंबईला न्यायचं तर वाटेतल्या धक्क्यांनीच जाईल. काही दिवस काढील. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या."

डॉक्टर गेले तसा भगवंत म्हणाला, "वयनी, तो पत्ता दे. मी तार करतो."

"नाय."

"अगो, पोर पोचंल वेळेवर. दादा हाय अजून."

"पोर कड्यावर हाय," येसूबाई म्हणाली. "एकीकडं डोंगर, एकीकडं दरी. मास्तर माझ्या तोंडावर बोलून गेला. अशा वाटेवरच्या मान्साला मी मागून हाक घालू? आणि हाक कसली, तर बाप मरतो ही? ती रडत बशीत बसणार, डायव्हर मागं वळून बघणार..." तिने कनवटीचा कागद आणखी आत खोचला. "एक जातोय तो जातोय. दुसरं मी माझ्या हातानं घालवनार नाय."

भगवंताने भावाकडे बघितलं. नवशा डोळे मिटून पडला होता, पण ऐकत होता. तो म्हणाला, "ती बरोबर बोलते. नको हाक घालू." तो तांडेल होता. त्याने स्वतः कितीक नव्या पोरांना हा नेम शिकवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने विचारलं, "येसू, बस कुठवर आली असंल?"

येसूबाई चुलीपाशी होती. वैतरणेच्या पलीकडे तिची पाटी कधी गेली नव्हती. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही, असं तिच्या बाबतीत आजवर घडलं नव्हतं. ती येऊन त्याच्या उशाशी बसली.

"पयल्यापासनं सांगते. रेल्वेतनं उतरली. बस उभीच हाय, लाल रंगाची. डायव्हर सरदारजी."

"सरदारजी? नेपाळात?"

"सरदारजी कुठं नसतो? तुमी गप ऐका. विजी खिडकीला बसलीय. मास्तर डोकी मोजतोय आणि दर येळी एक कमी भरतंय, कारन सोताला धरायचा इसरतोय मेला."

नवशाला हसू आलं, हसताना छातीत कळ आली, तरी तो म्हणाला, "मग?"

मग रोज बस चालायला लागली. सकाळी पेज पाजून झाली की येसूबाई बस सुरू करायची. डोंगर कसा? तर डहाणूच्या महालक्ष्मीचा डोंगर आहे ना, तसे एकावर एक सात मांडलेले. बर्फ कसा? आपल्या पापलेटांवर घालतात तोच, पण कोणी न फोडलेला, आणि लांबून बघितलं तर मिठागरातल्या मिठाच्या राशींसारखा.

"पोर ओकत नसंल ना वळनावर?" नवशाने विचारलं.

"कोन, विजी? दर्याची पोर? बामनांच्या पोरी ओकतायत, आपली लिंबं वाटते सगळ्यांना. वर सांगते, नजर लांब ठेवा, पायाशी बघू नका."

"ते मी शिकवलंय तिला," नवशा म्हणाला आणि थोडा वेळ झोपला.

भेटायला येणारी माणसं दाराशीच थबकायची. आत माणूस मरतोय आणि बायको सरदारजीच्या नकला करतेय, हे बघून एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. येसूबाई बसल्या जागेवरून ओरडली, "रडायला आलात तर घरी रडून या. इथं जागा नाय."

दिवसेंदिवस नवशाचा आवाज बारीक होत गेला. पेज ओठांतून परत यायला लागली. एका दुपारी त्याने तिचं मनगट धरलं. जाळं ओढणारा तो हात, पण आता त्याला तिच्या बांगड्यासुद्धा हलवता येत नव्हत्या.

"येसू, बोलव तिला."

भगवंत दारातच होता. त्याने सायकल भिंतीपासून सोडवली आणि येसूबाईकडे बघत उभा राहिला. कागद तिच्या कनवटीला होता. ती नुसती हो म्हणाली असती, तर सायकल तारापूरच्या पोस्टात पोचली असती.

तिला समोर नवरा दिसत होता आणि त्याच्या पलीकडे दरी दिसत होती. इतके दिवस रोज सांगून सांगून तिने ती दरी एवढी खोल केली होती की आता तिलाच तिचा तळ दिसेना. लाल बस, खिडकीत विजी, आणि मागून हाक.

"बस उतरनीला लागलीय," ती म्हणाली. "उतरनीला नाय बोलवायचं. येतेच हाय ती."

नवशाने तिच्याकडे बघितलं. त्याने खूप वेळ बघितलं. मग मनगट सोडलं, "बरं" म्हणाला आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर त्याने बस कुठवर आली हे विचारलं नाही.

येसूबाई मात्र न विचारता सांगत राहिली. तिने घाईघाईने बस डोंगरावरून खाली आणली, सपाटीला लावली, सगळ्यांना रेल्वेत बसवलं. गाडीला कुठे थांबूच दिलं नाही. सुरत आली, डहाणू आलं. "वाणगाव गेलं बघा," ती म्हणाली, "आता बोईसर. विजी उठली, पिशवी खांद्याला लावली, दारात उभी राहिली..."

जमनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वयनी, कोनाला सांगतेस गो?"

विजयाची गाडी खरोखर बोईसरला आली तेव्हा घरात सुतक होतं. भगवंत म्हणाला, मी जातो आणायला. येसूबाई म्हणाली, मी जाते. कपाळ मोकळं, हात मोकळे, अशी ती भर स्टेशनात जाऊन उभी राहिली. रोज तिच्याशी घासाघीस करणाऱ्या बायकांनी वाट सोडली.

गाडी थांबायच्या आधीच विजयाने खाली उडी मारली. उन्हाने रापलेली, घसा बसलेला, तोंडभर हसू. "आये, अगो बस कसली होती माहिताय..." एवढं बोलली आणि तिची नजर आईच्या कपाळावर गेली. मागे मुलींचं गाणं चालू होतं, ते हळूहळू एकेकीच्या लक्षात येऊन थांबलं.

"कधी?" विजयाने विचारलं.

"झाले पाच दिस."

"एकाएकी?"

इथे खोटं बोलता आलं असतं. एक "हो" पुरला असता, आणि सगळ्या गावाला येसूबाईने धाकात ठेवून तोच शब्द बोलायला लावला असता. पण ती खोटं विकत नव्हती, मासळीसुद्धा शिळी असली तर शिळीच सांगायची.

"नाय. आठवडाभर होता. तुझं नाव काढत होता."

नरहरी सर जवळ आले होते. ते पुटपुटले, "अहो, पण मी पत्ता दिला होता..."

"होता की. माझ्याजवळच होता." येसूबाईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. "तू कड्यावर होतीस, विजी. निघालेल्या मान्साला मी कशी हाक मारू? तुला काय झालं असतं तर?"

"कड्यावर?" विजयाचा आवाज एवढा हळू होता की येसूबाईला पुढे झुकावं लागलं. "आये, चढायला एक दिवस आणि उतरायला एक दिवस. बाकीचे सगळे दिवस बस धर्मशाळेच्या दारात उभी होती. आम्ही देवळं बघत होतो. मी बाबांसाठी लिहून घेत होते, कुठल्या देवळाला किती पायऱ्या."

ती रडली घरी, जमनाच्या गळ्यात पडून.

दुसऱ्या दिवसापासून विजयाने विचारायला सुरुवात केली. बाबा त्या दिवसांत काय बोलले, काय खाल्लं, कोणत्या कुशीवर झोपायचे. होडीवरच्या माणसांना गाठून विचारलं, डॉक्टरांकडे तारापूरला चालत जाऊन विचारलं. येसूबाई त्याच घरात होती. नवशाचा शब्द न् शब्द तिच्याजवळ होता, दुसऱ्या कोणाजवळ नव्हता. तिला कोणी विचारलं नाही. आणि न विचारता सांगायला जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. न विचारता सांगायचं ते तिने एकदाच, भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला सांगून टाकलं होतं.

भगवंत अंगणात जाळ्याला गाठी मारत होता. विजया त्याच्यापुढे बसली.

"दादा रोज विचारायचा, बस कुठवर आली," भगवंत म्हणाला.

"मग तुम्ही काय सांगायचात, काका?"

"मी कुठलं? तुझी आई सांगायची. तिलाच विचार ना, सगळं सांगंल." आणि त्याने मुद्दाम घराकडे बघून मोठ्याने म्हटलं, "अख्खं नेपाळ सांगायची!"

येसूबाईने आत हातातलं भांडं खाली ठेवलं. पदराला हात पुसले. दाराच्या दिशेने एक पाऊल टाकलं.

"खुंट ठोकताना दोर कोणी धरला होता, काका?" विजयाने विचारलं.

संध्याकाळी जमना आली. विजया तिच्या मांडीला टेकून बसली आणि पुन्हा तेच, सगळं पहिल्यापासून. जमना बिचारी आठवून आठवून सांगत होती. त्या दिवसांत तिने बघितलं थोडं आणि रडली जास्त.

"शेवटाला दादानं चा मागितला. मी दोन घोट पाजला, गूळ घालून."

"चा नव्हता," येसूबाई चुलीपासून म्हणाली. "शहाळ्याचं पानी होतं. आणि मी पाजलं."

जमनाने मान वर करून वहिनीकडे बघितलं, मग विजयाकडे. विजयाने मान वळवली नव्हती. ती आत्याचा हात हातात घेऊन त्यावरच्या खवल्यांच्या खुणा बोटाने घासत होती.

"मग, आत्या? चहा प्यायल्यावर काय म्हणाले?"

जमनाला पुढचं काही ठाऊक नव्हतं. तिने मनाला येईल ते रचून सांगायला सुरुवात केली. विजया ऐकत होती. चुलीपाशी येसूबाईही ऐकत होती, आणि त्यातलं काहीच खरं नव्हतं.