तळाला बावीस

आमच्या ह्यांना कुणी काही सांगू शकत नाही. छत्तीस वर्षं सरकारी कारखान्यात तपासणी विभागात काढली. प्रत्येक सुट्या भागावर ‘ओके’चा शिक्का मारायचा आणि आल्यागेल्याला चुका दाखवायच्या. निवृत्त झाले तेव्हा शिक्का कारखान्यात ठेवून आले, बाकी सगळं घरी घेऊन आले.

ऑक्टोबरात अमितला, म्हणजे आमच्या मुलाला, कंपनीने सहा महिन्यांसाठी सिंगापूरला धाडलं. बेळ्ळंदूरचा फ्लॅट बंद करून तो त्याची पाळलेली अजगरीण आमच्याकडे, बंगळूरातच राजाजीनगरला सोडून गेला. बॉल पायथन म्हणतात तिला. जात आफ्रिकेची, लांबी साडेतीन फूट, विष नाही, कागदपत्रं सगळी रीतसर. भ्यायली की वेटोळं घालून डोकं आत लपवते. त्याने नाव कोको ठेवलंय, मी तिला बाई म्हणते. पहिले चार दिवस मी तिला ठेवलेल्या खोलीकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी तिला वाटीतलं पाणी पिताना पाहिलं आणि माझी भीती गेली. इतकं सावकाश आणि नीटनेटकं पाणी पिणारं आमच्या घरात दुसरं कुणी नाही.

अमितने तिचं घर सोबत दिलं होतं. झाकणाला कुलूप असलेला बुटका, लांबट प्लॅस्टिकचा डबा, तळाला नारळाचा ओलसर भुसा, एका बाजूच्या खाली ऊब देणारी चटई आणि लपायला दोन उपड्या कुंड्या, एक उबेकडे, एक गारव्याकडे. वर सूचनांचा कागद.

ह्यांनी कागद वाचलाही नाही. “डब्यात? जिवंत प्राण्याला कुणी डब्यात कोंबतं?” आठवडाभर जेवणाच्या टेबलावर आराखडे पसरले होते. मग दिवाणखान्यात काचेचं कपाट उभं राहिलं. तीन फूट उंच, चारही बाजूंनी काच, सागवानी चौकट, वर झगझगीत दिवा, आत शोभेचं एक लाकूड. हे सगळं टेबलावर ठेवलेलं, म्हणजे उभ्याने नीट दिसावं. डबा गेला माळ्यावर, कुंड्या गेल्या गच्चीत.

“अहो, तिला लपायला काही नाही,” मी म्हटलं.

“लपली तर दिसणार कशी?”

आणि दाखवायची हौस तर विचारू नका! ह्यांचे कारखान्यातले जुने कानडी मित्र गुरुप्रसाद रोज संध्याकाळी कुणाला तरी घेऊन यायचे. “वहिनी, स्वल्प मागे सरा, फोटो काढतो,” म्हणायचे. हे काचेवर टकटक करायचे. बाई बिचारी लाकडाला टेकून गोळा होऊन बसायची. दिवाभीत म्हणून हसायचे सगळे. माझं डोकं फिरायचं, पण चहा मीच करत होते.

डिसेंबर लागला. बंगळूरची थंडी म्हणजे काही काश्मीर नव्हे, पण सकाळी फरशीवर पाय ठेववत नाही. पाणी बदलताना माझा हात कपाटाच्या तळाला लागला. गार होता.

“तळ थंडगार लागतोय.”

“हाताला काय कळतं? मीटर बघ.” आतल्या बाजूला लावलेल्या मीटरवर बत्तीस अंश. तेवढे झाले की दिवा आपोआप बंद व्हायचा. दर दोन तासांनी हे वहीत लिहीत होते. बत्तीस. बत्तीस. बत्तीस. खाली सही.

चार वेळा सांगितलं मी. पालथ्या घड्यावर पाणी. बाईने तीन आठवडे उंदराला तोंड लावलं नाही. हो, उंदीर. आमच्या घरात अंडं शिजत नाही, पण मी वेगळ्या छोट्या फ्रीजमध्ये गोठवलेले उंदीर ठेवत होते आणि कोमट पाण्यात सोडून चिमट्याने तिच्यापुढे धरत होते. हे म्हणाले, “हिवाळ्यात खात नाहीत, मी वाचलंय.”

मग एका सकाळी चहा झाल्यावर मला शिट्टीसारखा आवाज आला. बाईने मान वर ताणली होती, तोंड अर्धवट उघडं, कडेला फेसाचे बुडबुडे. मी कुणाला विचारलं नाही. उशीचा धुतलेला अभ्रा घेतला, तिला दोन्ही हातांनी उचलून आत ठेवलं, गाठ मारली, शालीत गुंडाळलं आणि इंदिरानगरच्या प्राण्यांच्या दवाखान्यासाठी रिक्षा बोलावली. हे वही काखोटीला मारून मागोमाग आले.

डॉक्टर रंजिता मूळच्या निपाणीच्या. त्यांनी बाईच्या छातीला यंत्र लावलं. “काकू, फुप्फुसात संसर्ग हाय. थंडीत ठेवलंय हिला.”

“शक्यच नाही,” ह्यांनी वही उघडली. “बत्तीस. एकही नोंद कमी नाही.”

“मीटर कुठं लावलाय, काका?”

“डोळ्यांच्या उंचीवर. नियमच आहे तो.”

“कुणाच्या डोळ्यांच्या?”

ह्यांनी वही मिटली.

“ऊब वर जाते, काका. तुमच्या दिव्याशेजारी बत्तीस असंल. ही तळाला पोट टेकून जगते. वाचंल का, ते आठ दिवसांनी सांगते.”

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. घरी आल्याबरोबर मी तापमापी कपाटाच्या तळाला ठेवली. बावीस.

“पण रीडिंग तर बरोबर होतं,” हे पुटपुटले.

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. “बरोबर? ती श्वासासाठी तडफडतेय आणि तुमचं रीडिंग बरोबर! चार वेळा सांगितलं मी, तळ गार आहे. हात माझा होता म्हणून खोटा? या घरात सगळंच तुमच्या मापाने. तो ओटा बघा. एकतीस वर्षं मी पाटावर चढून पोळ्या लाटतेय. का? तर साहेबांनी उभं राहून स्वतःच्या कोपराचं माप दिलं गवंड्याला! माझा खांदा त्या ओट्याने खाल्ला. मी बोलले नाही, ती माझी चूक. पण त्या मुक्या जिवाला मारू देणार नाही.”

मी स्वतः माळ्यावरून डबा काढला. भुसा ओला केला, चटई लावली, मीटरची तार चटईच्या वर, पोट टेकतं तिथे चिकटवली. गच्चीतून कुंड्या आणल्या. डबा माझ्या खोलीत ठेवला आणि आतून कडी लावली. बाई सरळ उबेकडच्या कुंडीत शिरली.

आठ दिवस मी तिला घेऊन इंजेक्शनला गेले. आठ दिवस ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. गुरुप्रसाद आले, तेव्हा दारातूनच सांगितलं, “ती दिसणार नाही. दिसायला नाहीच आलेली ती.” ते “सरी, बरं वहिनी” म्हणून परतले. शिट्टी थांबली. डॉक्टर म्हणाल्या, “वाचली.”

तिसऱ्या आठवड्यात, दिवेलागणीला, मी कुंडीच्या तोंडाशी उंदीर धरला. झडप घातली तिने! चिमटा हातातून उडाला. मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

स्वयंपाकघरात आले, तर हे मोजपट्टी घेऊन उभे. तोंड पडलेलं.

“खाल्लं तिने?”

“खाल्लं.”

“जरा पाटाशिवाय ओट्यापाशी उभी राहतेस? कोपर मोजतो. सोमवारी गवंडी बोलावतो.”

एकतीस वर्षांनी. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू? मोजपट्टी मी त्यांच्या हातातून घेतली.

“बोलवा. पण त्याच्याशी मी बोलणार. आणि तो काम करेल तितके दिवस तुम्ही या घरात पाऊल टाकायचं नाही.”